मशीन हललं, लायसन्स अडलं

ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर कंपनी विकत घेतली. पुढच्याच महिन्यात एकदा पैसे भरून कायमची मिळणारी लायसन्सं विकणं बंद झालं आणि वर्गणीचा हिशेब सुरू झाला. तेव्हापासून अनेक ऑफिसांत एकच काम चालू आहे: व्हीएमवेअरवर वर्षानुवर्षं निवांत चाललेली विंडोजची व्हर्च्युअल मशीन उचलायची आणि प्रॉक्समॉक्स किंवा हायपर-व्ही अशा दुसऱ्या व्हर्च्युअलायझेशनवर नेऊन ठेवायची. शनिवारी रात्री डिस्क कॉपी होते, रविवारी मशीन नव्या जागी बूट होतं, डेटा जागच्या जागी असतो. आणि सोमवारी सकाळी कुणीतरी सांगतं की स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी पुसट अक्षरं उमटली आहेत.

अशा वेळी पहिली प्रतिक्रिया असते ती लायसन्स की शोधून पुन्हा टाकायची, आणि बहुतेकांचं काम तिथेच चिघळतं. की पुन्हा टाकल्याने काही वेळा काम होतं, काही वेळा होत नाही, आणि काही प्रकारच्या लायसन्समध्ये तर प्रत्येक प्रयत्नागणिक शिल्लक कमी होत जाते. म्हणून आधी विंडोजला नेमकं काय बदललेलं दिसलं, ते समजून घ्या.

विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून, मायक्रोसॉफ्ट विंडोजची कॉपी त्या त्या मशीनच्या हार्डवेअरशी बांधते. एक्सपी दहाएक गोष्टींची नोंद ठेवायचं: प्रोसेसर, रॅमचा टप्पा, हार्ड डिस्क, डिस्प्ले कार्ड, नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता वगैरे. नेटवर्क कार्ड तेच राहिलं तर बाकीचे जास्त बदल खपवून घेतले जायचे. विंडोज १० आणि ११ मध्ये कशाला किती वजन आहे याचं गणित मायक्रोसॉफ्टने उघड केलेलं नाही. मदरबोर्ड बदलला तर ॲक्टिव्हेशन जाऊ शकतं, एवढं मात्र ती कंपनी स्पष्ट सांगते. आता व्हर्च्युअल मशीनला खरा मदरबोर्ड कुठला? तिथे मदरबोर्ड म्हणजे होस्टवरच्या, म्हणजे खालच्या खऱ्या कॉम्प्युटरवरच्या, सॉफ्टवेअरने विंडोजला दाखवलेला एक तक्ता. त्यात निर्मात्याचं नाव असतं, मॉडेल असतं, आणि यूयूआयडी नावाचा एक लांबलचक क्रमांक असतो. गाडीला रंग दिला, टायर बदलले, सीट कव्हर घातलं तर आरटीओला काही देणंघेणं नसतं, पण चॅसिस नंबर वेगळा निघाला की कागद मागितले जातात. यूयूआयडी हा व्हर्च्युअल मशीनचा चॅसिस नंबर आहे.

त्यामुळे नुसती रॅम आठाची सोळा जीबी केली, दोन व्हर्च्युअल सीपीयू वाढवले, डिस्क मोठी केली, तर सहसा काही बिघडत नाही. ते बदल निर्धास्त करा. धोका असतो तो यूयूआयडी बदलण्यात, मॅक पत्ता बदलण्यात, जुन्या बायोसवरून यूईएफआय फर्मवेअरवर जाण्यात, डिस्क कंट्रोलरचा प्रकार बदलण्यात, आणि अर्थातच एका कंपनीच्या व्हर्च्युअलायझेशनवरून दुसऱ्या कंपनीच्या व्हर्च्युअलायझेशनवर जाण्यात, कारण तिथे हे सगळं एकदमच बदलतं.

मशीन हलवण्याआधी

जुनं मशीन चालू असतानाच अर्धा तास काढा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि एसएलएमजीआर, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला लागून डीएलव्ही, असं इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर दाबा. दोन-चार सेकंदांनी एक खिडकी उघडते. तिच्यातल्या सगळ्या ओळी वाचायची गरज नाही. ‘डिस्क्रिप्शन’ असं लिहिलेली ओळ बघा. तिच्या शेवटी ‘चॅनेल’ या शब्दाआधी जो शब्द आहे, त्यात तुमच्या लायसन्सची जात लिहिलेली असते. रिटेल असेल, ओईएम असेल, व्हॉल्यूम एमएके असेल, व्हॉल्यूम केएमएस क्लायंट असेल, किंवा व्हर्च्युअल मशीन ॲक्टिव्हेशन असेल. त्याच खिडकीत ‘पार्शल प्रॉडक्ट की’ पुढे कीची शेवटची पाच अक्षरं असतात. खिडकीचा फोटो काढून ठेवा.

एक खुणेची गोष्ट. विंडोज १० किंवा ११ प्रोमध्ये ती पाच अक्षरं ३व्ही६६टी अशी दिसली, तर ती तुमची स्वतःची की नाही. डिजिटल लायसन्सवर चालणाऱ्या असंख्य मशीनवर हीच सर्वसाधारण की दिसते. ती उतरवून ठेवून काही मिळत नाही आणि पुन्हा टाकूनही काही होत नाही. तुमचा हक्क मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर त्या मशीनच्या ओळखीपुढे नोंदलेला असतो. अशा मशीनवर आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करा आणि सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘डिजिटल लायसन्स तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं आहे’ या अर्थाचं इंग्रजी वाक्य आलं आहे ना, ते बघा. शक्यतो ऑफिसचं म्हणून एकच अकाउंट वापरा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या खासगी ईमेलला लायसन्स जोडलेलं असणं ही फार महागात पडणारी गोष्ट आहे. आणि मशीनला धड नाव द्या. नंतर यादीतून मशीन निवडायची वेळ येते, तेव्हा ‘डेस्कटॉप’ आणि पुढे निरर्थक अक्षरं अशी चार नावं समोर आली की कुठलं आपलं ते कळत नाही.

मग यूयूआयडी टिपून घ्या. पॉवरशेलमध्ये विन३२ अंडरस्कोर कॉम्प्युटरसिस्टिमप्रॉडक्ट या वर्गाची माहिती मागवली की तो मिळतो. व्हीएमवेअरच्या व्हीएमएक्स फाइलमध्येही तो असतो, पण तिथून घेऊ नका. तिथे बाइट वेगळ्या क्रमाने लिहिलेले असू शकतात. जसेच्या तसे उतरवले की विंडोजला क्रमांक वेगळाच दिसतो आणि एवढं करूनही लायसन्स का गेलं, याचा उलगडा होत नाही. विंडोजच्या आतून दिसणारा क्रमांक हाच खरा धरा. त्यासोबत नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, आयपी पत्ता आणि फर्मवेअर बायोस आहे की यूईएफआय, हेही लिहून ठेवा.

डिस्कवर बिटलॉकर असेल तर तो आधी थांबवून ठेवा आणि रिकव्हरी की दुसऱ्या जागी जपून ठेवा. विंडोज ११ च्या मशीनला बिटलॉकरची की जपणारं व्हर्च्युअल टीपीएम असतं आणि ते नव्या जागी आपोआप येत नाही. लायसन्स गेलं तर काम चालू राहतं. बिटलॉकरची की गेली तर डेटाच गेला.

आतल्या इतर सॉफ्टवेअरची लायसन्सं बहुतेक जण विसरतात. टॅलीचं लायसन्सही मशीनशी बांधलेलं असतं. मशीन हलवण्याआधी टॅलीमध्ये ‘सरेंडर’ करा, नव्या जागी पुन्हा ॲक्टिव्हेट करा. डोंगलवर चालणारं सॉफ्टवेअर असेल, जसं जुन्या छापखान्यांतून अजून आढळतं, तर नव्या होस्टचं यूएसबी पोर्ट व्हर्च्युअल मशीनला देता येतं का, ते आधी तपासा.

ओळख सोबत नेणं

प्रॉक्समॉक्सवर नवं मशीन तयार केलंत की ते सुरू करण्याआधी त्याच्या ‘ऑप्शन्स’मध्ये जा. तिथे एसएमबायोस सेटिंग्ज अशी ओळ आहे. ती उघडली की पहिलाच रकाना यूयूआयडीचा. टिपून ठेवलेला क्रमांक तिथे घाला. ‘हार्डवेअर’मध्ये नेटवर्क कार्डावर जाऊन जुना मॅक पत्ता घाला. फर्मवेअर जुन्यासारखंच ठेवा. जुनं बायोसवर असेल तर नवंही बायोसवरच. आणि पहिल्यांदा सुरू करताना नेटवर्क केबल काढलेली असू द्या, म्हणजे त्या कार्डावर ‘डिसकनेक्ट’ची खूण करा. एकाच नेटवर्कवर एकाच मॅक पत्त्याची दोन मशीन चालू राहिली तर दोन्ही अडखळतात. जुनं बंद आहे याची खात्री झाली की मग जोडा.

एवढं करून ॲक्टिव्हेशन टिकेलच असं वचन मी देणार नाही. निर्मात्याचं नाव, डिस्क, डिस्प्ले हे सगळं बदललेलंच असतं. पण यूयूआयडी आणि मॅक पत्ता सोबत नेला की टिकण्याची शक्यता वाढते, शिवाय मॅक पत्त्यावर अवलंबून असलेली इतर सॉफ्टवेअरंही शाबूत राहतात. पाच मिनिटांचं काम आहे, ते टाळू नका.

व्हीएमवेअरमध्येच मशीनचा फोल्डर एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेला, तर पहिल्यांदा सुरू करताना एक प्रश्न विचारला जातो: तुम्ही हे मशीन हलवलंत की कॉपी केलंत? अनेक जण घाईत ‘कॉपी’ म्हणतात, कारण आपण फोल्डर कॉपी केलेला असतो. इथे प्रश्न फाइलींचा नसून मशीनच्या ओळखीचा आहे. ‘मूव्ह्ड’ म्हटलंत तर जुना यूयूआयडी आणि मॅक राहतो, ‘कॉपीड’ म्हटलंत तर दोन्ही नवे बनतात. जुनं मशीन आता चालवायचं नसेल तर उत्तर नेहमी ‘मूव्ह्ड’. चुकून दुसरं बटण दाबलं गेलं असेल आणि जुनी व्हीएमएक्स फाइल शिल्लक असेल, तर मशीन बंद करून तिच्यातल्या यूयूआयडीच्या आणि मॅक पत्त्याच्या ओळी परत आणता येतात. इथे व्हीएमवेअरकडून व्हीएमवेअरकडेच जात असल्याने बाइटच्या क्रमाचा प्रश्न येत नाही.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये ओव्हीए फाइल आयात करताना मॅक पत्त्यांचं धोरण विचारणारी यादी असते. तिच्यात सगळे मॅक पत्ते ठेवण्याचा पर्याय निवडा. हायपर-व्हीमध्ये आयात करताना तीन पर्याय येतात आणि तिसरा नवा ओळख क्रमांक देणारा असतो. एकच मशीन हलवत असाल तर तो घेऊ नका. तिथला मॅक पत्ता ‘डायनॅमिक’ असतो आणि होस्ट बदलला की बदलू शकतो. हलवण्याआधीच तो ‘स्टॅटिक’ करून टाका.

अक्षरं उमटलीच तर

आधी घड्याळ बघा, मग इंटरनेट. हे सांगायला साधं वाटतं, पण नव्या होस्टवर नेटवर्कचा व्हर्टआयओ ड्रायव्हरच बसलेला नसतो, किंवा वेळ चुकीची असते, आणि लोक कीशी झुंजत बसतात. ही दोन्ही नीट झाली की एसएलएमजीआरला एटीओ हा पर्याय देऊन पुन्हा ॲक्टिव्हेशन मागा. हाच पहिला प्रयत्न असावा, कारण यात की बदलत नाही. पुढची वाट चॅनेलवर अवलंबून आहे.

रिटेल किंवा डिजिटल लायसन्सवर ०एक्ससी००४एफ२११ हा कोड आला तर त्याचा अर्थ सरळ आहे: हार्डवेअर बदललेलं दिसतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन, ट्रबलशूट असं जा. तिथे ‘आय चेंज्ड हार्डवेअर ऑन धिस डिव्हाइस रिसेंटली’ अशी ओळ येते. ती निवडून अकाउंटने लॉगिन करा, यादीतलं जुनं नाव निवडा, ‘हेच मशीन मी आत्ता वापरतोय’ या अर्थाच्या चौकटीत खूण करा आणि ॲक्टिव्हेट म्हणा. मशीनवरची आवृत्ती तीच हवी. होमचं लायसन्स प्रोला चालत नाही. आणि हा रस्ता कितीही वेळा वापरता येत नाही, तेव्हा प्रयोग म्हणून वारंवार हार्डवेअर बदलत बसू नका.

एमएके कीला ठरावीक संख्येची मर्यादा असते आणि मायक्रोसॉफ्टकडे होणारं प्रत्येक ॲक्टिव्हेशन त्यातून वजा होतं. इथे स्नॅपशॉटचा फटका बसतो. मशीन ॲक्टिव्हेट करण्याआधीचा स्नॅपशॉट असेल आणि तुम्ही त्यावर परत गेलात, तर ॲक्टिव्हेशनही पुसलं जातं आणि पुन्हा करताना एक आकडा जातो. चाचणीसाठी दर आठवड्याला मशीन मागे नेत असाल, तर आधी ॲक्टिव्हेट करा आणि मगच मूळ स्नॅपशॉट घ्या.

केएमएसवर चालणाऱ्या मशीनची काळजी सगळ्यात कमी. ते ऑफिसच्या आतल्याच सर्व्हरकडून १८० दिवसांची मुदत घेतं आणि दर ७ दिवसांनी ती वाढवू बघतं. हार्डवेअर बदललं तरी सर्व्हरपर्यंत पोचता आलं की काम आपोआप मार्गी लागतं. ०एक्ससी००४एफ०७४ आला, म्हणजे पोचता येत नाहीये. नवं मशीन वेगळ्या नेटवर्कवर गेलं का, फायरवॉलवर १६८८ पोर्ट उघडं आहे का, आणि डीएनएस जुनाच आहे का, ते बघा. ०एक्ससी००४एफ०३८ आला तर संख्या अपुरी आहे: केएमएसला किमान २५ साधी विंडोज मशीन किंवा ५ सर्व्हर दिसावे लागतात. संख्या पुरेशी असूनही हा कोड येतो तेव्हा कारण बहुधा क्लोनिंग असतं. सिसप्रेप, म्हणजे मशीनची जुनी ओळख पुसणारं विंडोजचं साधन, न वापरता एकाच साच्यातून तीस मशीन काढली की सगळ्यांचा क्लायंट मशीन आयडी एकच असतो आणि सर्व्हरच्या लेखी ते एकच मशीन. डीएलव्हीच्या खिडकीत हा आयडी दिसतो; दोन मशीनवरचा पडताळून पाहा. आणि केएमएस सर्व्हर स्वतःच व्हर्च्युअल असेल तर त्याला शेवटी, विचार करून, एकदाच हलवा. एक केएमएस की जास्तीत जास्त ६ सर्व्हरवर चालते आणि प्रत्येक सर्व्हरवर पहिल्यानंतर आणखी ९ वेळाच पुन्हा ॲक्टिव्हेट करता येते.

व्हर्च्युअल मशीन ॲक्टिव्हेशन असं लिहिलेलं असेल तर ते मशीन हायपर-व्हीच्या होस्टवरच्या विंडोज सर्व्हर डेटासेंटरकडून आपोआप ॲक्टिव्हेट होत होतं. प्रॉक्समॉक्सवर त्याला तसं कुणी करणार नाही. कितीही यूयूआयडी जुळवला तरी उपयोग नाही. दुसऱ्या प्रकारची की लागेल. हे हलवण्याच्या आदल्या दिवशी कळणं आणि दुसऱ्या दिवशी कळणं यात फार फरक आहे.

उरलं ओईएम. डेल, एचपी, लेनोवोच्या कॉम्प्युटरसोबत आलेलं विंडोज हे त्या कॉम्प्युटरसोबतच राहतं. त्याची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये असते आणि व्हर्च्युअल मशीनला ती दिसत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपल्यानंतर जुना कॉम्प्युटर डिस्क२व्हीएचडीसारख्या साधनाने व्हर्च्युअल करून ठेवायचा विचार अनेकांच्या मनात येतो. तांत्रिकदृष्ट्या ते छान होतं, पण लायसन्स त्या कॉम्प्युटरवरच राहतं. असं मशीन खरंच ठेवायचं असेल तर त्यासाठी वेगळं रिटेल लायसन्स घ्या. होस्टवरच्या विंडोजचं लायसन्स आतल्या मशीनला पुरतं, हाही समज चुकीचा आहे. रिटेल लायसन्सच्या अटींत एका उपकरणावर एकच प्रत, मग ते उपकरण खरं असो की व्हर्च्युअल, असं स्पष्ट आहे.

हिरवी खूण आणि हक्क

मला या सगळ्यात सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट तांत्रिक नाही. ॲक्टिव्हेट झालं म्हणजे हक्क मिळाला, असं नव्हे. विंडोज सर्व्हरचं लायसन्स सहसा होस्टच्या प्रत्यक्ष प्रोसेसर कोअरवर मोजतात, आणि एका होस्टसाठी किमान १६ कोअर धरतात. स्टँडर्ड आवृत्तीत होस्टचे सगळे कोअर भरले की दोन व्हर्च्युअल मशीन चालवता येतात. जुन्या १६ कोअरच्या सर्व्हरवरून तुम्ही नव्या ३२ कोअरच्या सर्व्हरवर गेलात, तर कोपऱ्यातली अक्षरं उमटणारही नाहीत, एसएलएमजीआर ‘लायसन्स्ड’ म्हणेल, आणि तरी तुमची निम्मी कोअर लायसन्सं कमी असतील. शिवाय सर्व्हरचं लायसन्स एका होस्टवरून दुसऱ्यावर सहसा ९० दिवसांतून एकदाच नेता येतं. ऑडिटची नोटीस आल्यावर हे हिशेब लावायला बसू नका. नव्या सर्व्हरचं कोटेशन मागवतानाच कोअर मोजा आणि विक्रेत्याकडून लेखी उत्तर घ्या.

उलटही खरं आहे. ॲक्टिव्हेशन गेलं म्हणजे हक्क गेला असं नाही. बिल तुमच्याकडे आहे, लायसन्स हलवण्याजोगं आहे, फक्त आपोआप होत नाही, अशा वेळी मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टशी बोला. बिल आणि की समोर ठेवा, जुनं मशीन बंद केलं आहे हे सांगा. विंडोज १० आणि ११ ॲक्टिव्हेट न होता कामं करत राहतात, फक्त वॉलपेपर आणि रंगांसारख्या सेटिंग्ज अडतात, त्यामुळे सपोर्टचं उत्तर येईपर्यंत थांबायला वेळ असतो. चाचणीसाठी दिलेल्या इव्हॅल्युएशन सर्व्हरची मात्र गोष्ट वेगळी. मुदत संपली की तो दर तासाला स्वतःहून बंद होऊ लागतो.

या थांबण्याच्या काळातच मोह होतो. इंटरनेटवर काही शे रुपयांत की मिळते, एक छोटा प्रोग्रॅम चालवला की अक्षरं जातात. त्या स्वस्त की बहुतेकदा कुठल्यातरी कंपनीच्या व्हॉल्यूम कराराच्या असतात आणि कधीही रद्द होतात. आणि तो छोटा प्रोग्रॅम चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करा असं सांगितलेलं असतं, ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मागितलेले असतात. ज्या मशीनवर पतसंस्थेच्या ठेवीदारांची खाती आहेत किंवा एखाद्या सीएच्या अशिलांची विवरणपत्रं आहेत, तिथे अनोळखी माणसाचा प्रोग्रॅम असे अधिकार देऊन चालवू नका. एका लायसन्सची किंमत त्या जोखमीपुढे काहीच नाही.

सगळं मार्गी लागल्यावरही जुनं व्हर्च्युअल मशीन लगेच पुसू नका. ते बंद ठेवा, नव्यावर एसएलएमजीआरला एक्सपीआर हा पर्याय देऊन ॲक्टिव्हेशन कायमचं आहे की मुदतीचं ते तपासा, महिनाअखेरची कामं एकदा त्यावर होऊ द्या. मग बॅकअपची एक प्रत बाजूला काढून जुनं मशीन काढून टाका. लायसन्स एकच असेल तर दोन्ही एका वेळी चालवता येत नाहीत.